आयडेंटिटी मॅपिंग काढलं की पहिल्याच टायमरला मशीन रीस्टार्ट, पेज टेबलवाले जरा बघा

पूर्वभाग_९ · सोमवार, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. दीड महिना झाला स्वतःचा छोटा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहितोय, ६४ बिट, सी आणि थोडं असेंब्ली, चालवतो क्यूएमूमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरनं केलेल्या नकली मशीनवर. कुठवर आलोय ते आधी सांगतो म्हणजे कुठं अडकलंय ते कळेल.

ग्रब (बूट लोडर) माझा कर्नल रॅममध्ये १ एमबीच्या पुढं आणून ठेवतो. बूट कोडमध्ये मी पेज टेबल (प्रोग्रामच्या, म्हणजे व्हर्च्युअल, पत्त्याला रॅममधला खरा, म्हणजे फिजिकल, पत्ता कुठला ते सांगणारं टेबल) असं बांधतो की तीच रॅम दोन ठिकाणी दिसते. एकदा खाली, म्हणजे जो व्हर्च्युअल पत्ता तोच फिजिकल, हे आयडेंटिटी मॅपिंग. आणि एकदा पार वर, शेवटच्या २ जीबीत, कारण कर्नल लिंक केलाय तिथला. सगळ्यात वरचं टेबल पीएमएल४, त्याची ० नंबरची एन्ट्री खालच्यासाठी, ५११ नंबरची वरच्यासाठी, तिच्या पुढच्या टेबलात ५१० आणि मग २ एमबीची मोठी पानं. पेजिंग चालू केलं, वर उडी मारली, स्टॅक वर नेला, स्क्रीनची मेमरी पण वरूनच मॅप केली. अक्षरं येतात, सगळं ठीक.

मग पीएमएल४ ची शून्य नंबरची एन्ट्री पुसतो आणि सीआर३ (पीएमएल४ चा पत्ता ठेवणारं रजिस्टर) परत भरतो, म्हणजे खालचं मॅपिंग गेलं. काढायचं कारण, परवा एका नल पॉइंटरवर लिहिलं गेलं आणि काहीच झालं नाही, शून्य पत्ता मॅप होता की, ते गपगुमान रॅमच्या सुरुवातीला लिहून मोकळं झालं आणि मी दोन रात्री भलतीकडंच शोधत बसलो. आणि तसंही खालचा अर्धा भाग पुढं युजर प्रोग्रामला द्यायचाय.

काढल्यावर पण चालतं! अक्षरं येतात, लूप फिरतो. पण इंटरप्ट (टायमरसारख्यांनी प्रोसेसरला मधेच दिलेली हाक) चालू केले की पहिल्या टायमरलाच मशीन रीस्टार्ट. मॅपिंग काढलं नाही तर टायमर शंभर वेळा नीट येतो. आयडीटी (कुठल्या इंटरप्टला कुठलं फंक्शन, म्हणजे हँडलर, ते सांगणारं टेबल) वरच्या पत्त्यावर आहे, हँडलरचे पत्ते पण वरचे, दहा वेळा बघितलं. लई डोकं खाल्लंय ह्यानं.

केगाव_बस · मंगळवार, सकाळी ७:१५

काय बे, सगळं गाव गड्ड्याच्या जत्रेत आणि तू कर्नल करलालास. मला वाटतं हँडलरमधून जे फंक्शन बोलवतोस ते बूटच्या सेक्शनमध्ये राहिलं असेल, म्हणजे खालच्या पत्त्याला. मॅप फाइल (कुठलं फंक्शन कुठल्या पत्त्याला ते दाखवणारी) उघडून बघ एकदा.

पूर्वभाग_९ · मंगळवार, सकाळी ८:०२

बघितलं बे, फंक्शन सगळी वर आहेत. हँडलरमधली पहिली ओळ पण चालत नाही, तिथं नुसतं थांबायची सूचना टाकून बघितली, तिथपर्यंत पोचतच नाही.

होटगी_रोड · मंगळवार, सकाळी ९:३०

मी चौदा वर्षं एम्बेडेडमध्ये काम केलंय, त्यातली बरीचशी पुण्यात, आता सोलापुरातूनच करते. पोस्ट नीट लिहिलीस त्यामुळं मदत करणं सोपं जातंय.

अंदाज बांधत बसू नको. क्यूएमूला इंटरप्टचा लॉग काढायला सांग (डी इंट) आणि सोबत नो-रीबूट लाव म्हणजे रीस्टार्ट न होता थांबेल. शेवटचे तीन-चार एक्सेप्शन कोणत्या नंबरचे आणि सीआर२ मध्ये काय आहे एवढंच इथं टाक. पेज फॉल्ट झाला की ज्या पत्त्यावरून झाला तो प्रोसेसर सीआर२ मध्ये ठेवतो, खरा साक्षीदार तोच.

पूर्वभाग_९ · मंगळवार, दुपारी १:१०

ताई, काढला. आधी ३२ नंबर म्हणजे माझा टायमर. मग लगेच १४, पेज फॉल्ट. मग ८, डबल फॉल्ट. मग ट्रिपल फॉल्ट लिहून थांबलं. सीआर२ मध्ये हेक्समध्ये १०५००८. हा तर खालचा पत्ता आहे, १ एमबीच्या जरा वरचा, पण माझ्या कोडमध्ये हा पत्ता कुणीच वापरत नाही!

होटगी_रोड · मंगळवार, दुपारी १:४५

तुझ्या कोडमध्ये नाही, प्रोसेसर वापरतोय. १०५००० ला काय आहे ते मॅप फाइलमध्ये बघ. मी पैजेवर सांगते तिथं तुझी जीडीटी (सेगमेंटची माहिती ठेवणारं टेबल) असणार.

असं होतं बघ. जीडीटी तू बूट कोडमध्ये लोड केलीस तेव्हा तिचा पत्ता खालचा दिलास, आणि हा पत्ता प्रोसेसरच्या दृष्टीनं फिजिकल नाही, तो पण पेज टेबलातूनच जातो. मॅपिंग काढल्यावर तिथं काहीच उरलं नाही. तरी तुझा कोड चालत राहिला कारण सेगमेंटची माहिती प्रोसेसर एकदा वाचून आतल्या आत जपून ठेवतो, दर वेळी जीडीटीकडं जात नाही. इंटरप्ट आला की मात्र आयडीटीच्या एन्ट्रीत लिहिलेला कोड सेगमेंटचा सिलेक्टर (जीडीटीतली जागा सांगणारा आकडा) भरावा लागतो. तुझा सिलेक्टर ८ असणार, सगळ्यांचा तोच असतो. म्हणजे तो जीडीटीची सुरुवात अधिक ८ इथं वाचायला गेला, १०५००० अधिक ८. पान नाही, पेज फॉल्ट. पेज फॉल्टचा हँडलर बोलवायला परत तोच सिलेक्टर, परत तेच पान, डबल फॉल्ट. त्याच्या हँडलरला परत तेच, आणि चौथी संधी प्रोसेसर देत नाही, तोच ट्रिपल फॉल्ट, मशीन रीस्टार्ट.

वर उडी मारल्यावर जीडीटी परत एकदा लोड कर, ह्या वेळी वरचा पत्ता देऊन. पुढं टीएसएस (युजरमधून कर्नलमध्ये येताना कुठला स्टॅक घ्यायचा ते सांगणारा) करशील तेव्हा त्याचा पत्ता पण वरचाच दे, नाहीतर हेच सगळं परत होईल.

पूर्वभाग_९ · मंगळवार, दुपारी २:२०

झालं!!! ताई खरंच जीडीटीच होती, बरोबर १०५००० ला. दोन ओळींचा बदल. टायमर चालू आहे, दहा मिनिटं झाली. मनापासून आभार.

जुळे_सोलापूर · मंगळवार, संध्याकाळी ६:४०

मी पहिल्या वर्षाला आहे, सगळा धागा वाचला, लई भारी वाटलं पण खरं सांगतो निम्मं कळलं नाही. पेज टेबल म्हणजे नेमकं काय आणि एवढी चार-चार टेबलं कशाला, कुणीतरी सांगा की ओ.

सात_रस्ता · मंगळवार, रात्री ८:०५

विचारलंस ते बरं केलंस. प्रोग्राम जो पत्ता म्हणतो तो रॅममधला खरा पत्ता नसतो. मेमरीला हात लावायच्या प्रत्येक वेळी प्रोसेसर त्या पत्त्याचं रूपांतर करतो, आणि कुठल्या पत्त्याचं काय करायचं हे पेज टेबलात लिहिलेलं असतं. इंटेल-एएमडीच्या ६४ बिट प्रोसेसरवर चार पायऱ्यांच्या पद्धतीत पत्त्यातले ४८ बिट कामाचे. त्यांचे तुकडे पाड, ९, ९, ९, ९ आणि शेवटी १२. नऊ बिटांत ५१२ आकडे बसतात म्हणून प्रत्येक टेबलात ५१२ एन्ट्र्या. एक एन्ट्री ८ बाइटची. ५१२ गुणिले ८ किती? ४०९६. आणि पान पण ४०९६ बाइटचंच, म्हणजे टेबल स्वतःच एका पानात नेमकं बसतं. इतकी वर्षं शिकवतोय, हा हिशोब फळ्यावर लिहिताना मला अजून आनंद होतो. पहिले नऊ बिट पहिल्या टेबलातली एन्ट्री निवडतात, ती पुढच्या टेबलाचं पान दाखवते, असं चारदा, आणि शेवटचे १२ बिट म्हणजे पानातला कितवा बाइट.

एकच लांब टेबल का नाही? ४८ वजा १२, ३६ बिटांएवढ्या एन्ट्र्या, गुणिले ८ बाइट, ५१२ जीबी होतात, ते पण प्रत्येक प्रोसेसला वेगळे. पायऱ्या केल्या की जिथं काही नाही तिथं वरच्याच टेबलात शून्य टाकायचं, खालची टेबलं बांधायची गरजच पडत नाही.

आता आपल्या गावातलं उदाहरण. जॅकार्डचा माग बघितलायस ना? माग तोच, सूत तेच, पण वरची भोकं पाडलेल्या कार्डांची माळ बदलली की चादरीवर वेगळी नक्षी उतरते. कर्नल एका प्रोसेसवरून दुसरीवर जाताना सीआर३ मध्ये दुसऱ्या पीएमएल४ चा पत्ता टाकतो, म्हणजे माळ बदलतो. प्रोसेसर तोच, रॅम तीच, पण त्याच पत्त्याला आता वेगळं पान लागतं. कल्पना जुनी आहे, मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस मशीनमध्ये १९६२ साली पानं होती. पीसीच्या प्रोसेसरवर पेजिंग आलं ते ८०३८६ पासून, १९८५.

पूर्वभाग_९ · बुधवार, रात्री १२:३५

सर, तुमचं जॅकार्डचं उदाहरण जेवताना नानांना वाचून दाखवलं, नाना मागावरच असतात. त्यांनी नीट ऐकलं आणि म्हणाले, कार्डं मागाच्या वर टांगलेली असतात, चादरीत विणलेली नसतात. आणि तिथं माझी ट्यूब पेटली. पेज टेबल तर रॅममध्येच असतं! म्हणजे इथं कार्डं चादरीतच विणलीत, आणि चादर तर फक्त कार्डांमधूनच दिसते. मग कार्ड बदलायचं असेल तर कर्नलनं हात घालायचा कुठून?

हे सुचलं कारण संध्याकाळपासून नेमकं तेच अडलंय. नवीन पान मॅप करायचं माझं फंक्शन पीएमएल४ ची एन्ट्री वाचतं, त्यातून पुढच्या टेबलाचा पत्ता काढतं आणि त्याचा पॉइंटर करून आत जातं. टायमरच्या आधी हे चालायचं, आता खालचं मॅपिंग नाही तर पेज फॉल्ट. सीआर२ मध्ये बरोबर त्या टेबलाचा फिजिकल पत्ता.

होटगी_रोड · बुधवार, सकाळी १०:१०

नानांना माझा नमस्कार सांग, मुद्द्यावर त्यांनी नेमकं बोट ठेवलं.

हे पक्कं धर. सीआर३ मध्ये आणि प्रत्येक एन्ट्रीत जो पत्ता असतो तो फिजिकल. व्हर्च्युअल असूच शकत नाही, नाहीतर पत्ता शोधायला पत्ता शोधावा लागला असता आणि ते कधी संपलंच नसतं. उलट तुझ्या सी कोडमधला प्रत्येक पॉइंटर, पेजिंग चालू झाल्या क्षणापासून, व्हर्च्युअल. तू एका बाजूचा आकडा उचलून दुसऱ्या बाजूला पॉइंटर म्हणून वापरलास. आयडेंटिटी मॅपिंग होतं तोवर दोन्ही आकडे सारखेच होते, म्हणून चूक झाकली गेली. कालची जीडीटी म्हणजे पण हीच चूक होती.

रस्ते दोन आहेत. पहिला, पीएमएल४ ची एक एन्ट्री स्वतःकडंच वळवायची. मग प्रोसेसर एक पायरी त्याच टेबलात खर्च करतो आणि शेवटी पानाऐवजी तुझ्या हातात टेबल येतं. ह्यात ५१२ जीबी व्हर्च्युअल जागा जाते, ती आपल्याकडं भरपूर आहे, पण दिसतात फक्त आत्ता चालू असलेल्या प्रोसेसची टेबलं. दुसऱ्या प्रोसेसची बांधायची तर परत खटपट.

दुसरा रस्ता, सगळी रॅम कर्नलच्या अर्ध्या भागात एका ठरलेल्या अंतरावर सलग मॅप करून टाकायची. फिजिकल पत्त्यात ते अंतर मिळवलं की पॉइंटर तयार. ६४ बिट लिनक्स हेच करतं, चार पायऱ्यांच्या मांडणीत त्यासाठी ६४ टीबी राखून ठेवलेत. जागा किती खातं ते बघ, ८ जीबी रॅम २ एमबीच्या पानांनी मॅप केली तर ४०९६ एन्ट्र्या, म्हणजे ८ टेबलं, ३२ केबी. तेच ४ केबीच्या पानांनी केलंस तर १६ एमबी. मी तुझ्या जागी असते तर डोळे झाकून हा रस्ता घेतला असता.

आणि अजून एक कर, हे मी कळकळीनं सांगते कारण माझे स्वतःचे आठवडे ह्यात गेलेत. फिजिकल पत्ता साध्या आकड्यात ठेवू नको. एक स्ट्रक्ट कर, आत एकच ६४ बिटचा आकडा, आणि त्याचा पॉइंटर करायचं काम फक्त एका फंक्शनकडं. स्ट्रक्टचा थेट पॉइंटर करायला गेलास की कंपाइलर तिथंच अडवेल. चूक रात्री दोनला क्यूएमूत सापडण्यापेक्षा कंपाइल करतानाच सापडलेली बरी.

कंबर_तलाव · बुधवार, दुपारी ३:२५

ताईंच्या बोलण्यात थोडी भर. मी एमआयटीचं एक्सव्ही६ (शिकवण्यासाठी केलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) वाचून शिकलो, त्याची आताची आवृत्ती रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर आहे, तिथं ३९ बिटचे पत्ते आणि तीन पायऱ्या. पेजिंग चालू करताना आयडेंटिटी मॅपिंग लागतं का, तर चालू झाल्यावर पुढची सूचना प्रोसेसर त्याच पत्त्यावरून आणायला जातो, ती नवीन टेबलात पण तिथंच असावी लागते. ज्या फळीवर उभा आहेस तीच काढून चालत नाही. एक्सव्ही६ मध्ये युजरकडून कर्नलकडं येताना टेबल बदलतं, आणि ते बदलणारा कोड एका वेगळ्या पानात असतो, ट्रॅम्पोलिन म्हणतात त्याला, ते पान दोन्ही टेबलांत अगदी वरच्या टोकाला एकाच पत्त्यावर असतं. कारण हेच. हे कळल्यावर मला आयडेंटिटी मॅपिंग खऱ्या अर्थानं कळलं.

केगाव_बस · बुधवार, दुपारी ४:००

मग एक्सव्ही६ मध्ये टेबल बदलतं आणि इथं कर्नल प्रत्येक प्रोसेसच्या टेबलात वरच्या अर्ध्यात बसलेला, असा फरक का?

होटगी_रोड · बुधवार, दुपारी ४:५०

कर्नल प्रत्येक टेबलात असला की सिस्टिम कॉलला सीआर३ बदलावा लागत नाही, वेगवान पडतं. पानांवर युजर बिट नसतो म्हणून युजर प्रोग्राम तिथं शिरू शकत नाही, असा विश्वास होता. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन बाहेर आलं आणि कळलं की बऱ्याच इंटेल प्रोसेसरवर परवानगी तपासायच्या आधी अंदाजानं वाचलेल्या गोष्टीचा माग कॅशमध्ये राहतो. त्यावर लिनक्सनं युजरसाठी वेगळं टेबल केलं, त्यात कर्नलचा अगदी लागेल तेवढाच तुकडा. ह्या पोराच्या कर्नलला आत्ता ते नको, आधी साधं चालू दे.

पूर्वभाग_९ · गुरुवार, रात्री १०:२०

सलग मॅपिंग केलं, स्ट्रक्ट पण केला. कंपाइलरनं अकरा ठिकाणी अडवलं!! अकरापैकी चार ठिकाणं मला माहीतच नव्हती.

आता नवीन गंमत. एक पान आधी एका फ्रेमवर (रॅममधल्या पानाएवढ्या तुकड्यावर) मॅप होतं, एन्ट्रीत दुसऱ्या फ्रेमचा पत्ता लिहिला, वाचलं तर जुनाच मजकूर. एन्ट्री परत वाचून छापली, ती नवीनच आहे. पण काल अगदी नवीन पान मॅप केलं होतं तेव्हा लगेच दिसलं होतं, मग हे का?

सात_रस्ता · गुरुवार, रात्री ११:०५

टीएलबी. चार पायऱ्या दर वेळी चढणं परवडत नाही म्हणून झालेली रूपांतरं प्रोसेसर जवळ ठेवतो, आणि तू टेबल बदललंस हे त्याला आपोआप कळत नाही. त्या पत्त्यासाठी इनव्हीएलपीजी ही सूचना दे, तेवढंच एक रूपांतर पुसलं जाईल. कालचं चाललं कारण ह्या प्रोसेसरवर नसलेलं पान टीएलबीत ठेवलंच जात नाही, त्यामुळं नाही वरून आहे करताना पुसावं लागत नाही. आहे वरून दुसरं, किंवा आहे वरून नाही, किंवा परवानगी कमी, ह्या तिन्हीला पुसायचंच. पुढं एकापेक्षा जास्त कोर चालू केलेस तर प्रत्येक कोरची टीएलबी वेगळी असते हे ध्यानात ठेव, दुसऱ्या कोरला इंटरप्ट पाठवून त्याच्याकडून पुसून घ्यावं लागतं.

पूर्वभाग_९ · शनिवार, संध्याकाळी ७:५५

इनव्हीएलपीजीनं ते सुटलं सर. आता पहिला युजर प्रोग्राम. पान मॅप केलं, कोड कॉपी केला, शेवटच्या टेबलातल्या एन्ट्रीत युजर बिट लावला, उडी मारली आणि पेज फॉल्ट. एरर कोड ५. सीआर२ म्हणजे प्रोग्रामचा पहिलाच पत्ता. पान तर आहे, युजर बिट पण आहे, मी स्वतः छापून बघितलं.

होटगी_रोड · शनिवार, रात्री ८:३०

५ म्हणजे ४ अधिक १. १ चा अर्थ पान सापडलं पण परवानगी नाही, ४ चा अर्थ युजर मोडमधून आला. एनएक्स (पानातला कोड चालवायला बंदी घालणारी सोय) तू अजून चालू केलेलं दिसत नाही, केलं असतंस तर सूचना आणताना झालेल्या फॉल्टचे १६ पण मिळाले असते आणि कोड २१ आला असता.

परवानगी एका पायरीवर ठरत नाही. चारही एन्ट्र्यांत युजर बिट असेल तरच युजरला वाट मिळते, लिहायच्या बिटाचं पण तसंच. तुझं फंक्शन मधली टेबलं नवीन बांधताना वरच्या तीन एन्ट्र्यांत फक्त 'आहे' आणि 'लिहिता येतं' एवढेच बिट लावत असणार. खालच्या अर्ध्यासाठी तिथं युजर बिट पण लाव, खरी राखण शेवटच्या एन्ट्रीत कर. कर्नलच्या वरच्या अर्ध्याला मात्र तो बिट कुठंच नको.

पूर्वभाग_९ · रविवार, रात्री १:२०

चाललं. युजर मोडमधून सिस्टिम कॉल मारून पहिलं अक्षर छापलं, अ. इंटरप्टनं कर्नलमध्ये आला आणि परत नीट गेला, टीएसएसचा पत्ता ताईंनी सांगितल्याप्रमाणं पहिल्यापासून वरचाच दिला होता त्यामुळं तिथं अडकलं नाही. आणि युजरमधून मुद्दाम शून्य पत्त्यावर लिहून बघितलं, एरर कोड ६, सीआर२ शून्य, कर्नल तसाच उभा. ज्या नल पॉइंटरसाठी हे सगळं सुरू केलं तो आता पकडला जातो.

जुळे_सोलापूर · रविवार, सकाळी ८:४५

दादा ६ म्हणजे ४ अधिक २, २ म्हणजे लिहायला गेला, आणि १ नाही म्हणजे पानच नाही. बरोबर ना? मला कोड वाचायचाय, आज पार्क चौकात भेटता का, मी वही घेऊन येतो.

पूर्वभाग_९ · रविवार, सकाळी ९:०५

एकदम बरोबर. दुपारी चारला ये, लॅपटॉप आणतो, बूटच्या असेंब्लीपासून सुरू करू.